आसेगाव रस्त्यावरची साडेसात मिनिटं

एक कबुली आधीच देतो. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण ते चुका शोधायला. ज्याला काही दिसलं म्हणतो त्याची झोप झाली होती का, चष्म्याचा नंबर किती, आदल्या दिवशी घरात भांडण झालं होतं का... असले प्रश्न मी वाचता वाचता मनात विचारत असतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, तेही नीट सांगता येणार नाही. जे घडलं ते घडलं तसं लिहितो. तुम्हाला यात चूक सापडली तर जरूर कळवा, मी स्वतःही तीच शोधतोय.

आमचं मंगरूळपीरला ठिबकच्या नळ्या, मोटारपंप, फवारणी पंप यांचं दुकान आहे. आम्ही जैन, तीन पिढ्या इथल्याच. मी मात्र शिकायला पुण्याला गेलो आणि नंतर तिथेच एका माल वाहतूक कंपनीत बारा वर्षं नोकरी केली. काम म्हणजे स्क्रीनसमोर बसायचं आणि कंपनीच्या गाड्या कुठे आहेत, किती वेगाने चालल्यात, कुठे उगाच थांबल्यात ते बघायचं. ड्रायव्हर फोनवर 'जाम लागलाय साहेब' म्हणायचा आणि स्क्रीनवर गाडी ढाब्यासमोर उभी दिसायची. बारा वर्षं हे केल्यावर माणूस कोणावर विश्वास ठेवत नाही... निदान ड्रायव्हरवर तरी नाही.

तीन वर्षांपूर्वी वडिलांचे गुडघे गेले आणि मी आणि बायको स्मिता परत गावी आलो. मला सगळ्यात जड गेलं ते इथलं गाडी चालवणं. पुण्याकडे वेगमर्यादेची पाटी ही कमीत कमी किती चालवायचं ते सांगते असं लोकांना वाटतं, फक्त कॅमेरा आला की सगळे साधू होतात. आमच्याकडे पाटी कोणी वाचतच नाही. घाई कोणालाच नसते, पण गाडी मात्र रस्त्याच्या मधोमध. तिकडे ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की तो वळणार असतो. आमच्याकडे त्याचा अर्थ 'जा पुढे' असा असू शकतो, किंवा तो वळूही शकतो. दोन ओळखीचे समोरासमोर आले की गाड्या रस्त्यातच आडव्या लावून पाच मिनिटं बोलतात. मागचा माणूसही न बोलता बाजूच्या मातीतून गाडी काढतो. वेग, लेन, इंडिकेटर — या बाबतीत मी इथे जरा चेष्टेचा विषयच झालो होतो.

दुकानाची एक पिकअप आहे. ती शेषराव चालवायचे. वय पंचावन्नच्या आसपास, मूळचे रिसोड तालुक्यातल्या रिठदचे. वडिलांकडे नऊ वर्षं होते. मी आल्यावर त्यांना सांगितलं, मोकळ्या रस्त्याला साठ, गावातून तीस, त्याच्या वर एक काटा नको. ते "बरं भाऊ" म्हणाले आणि खरंच तसं चालवू लागले. मी गाडीत ट्रॅकर बसवला, साठच्या वर गेलं की माझ्या फोनवर सूचना यावी म्हणून. एकदाही आली नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिकअप माल घेऊन आसेगावला जायची. सकाळी दहाला निघायची. गेल्या हिवाळ्यात एकदा सहज मी मागच्या महिन्यातल्या फेऱ्या बघत बसलो होतो. जुनी सवय. आणि लक्षात आलं की प्रत्येक फेरीत, जाताना, एका ठिकाणी गाडीचा वेग साठवरून वीसवर येतो. अडीच किलोमीटर वीसनेच चालते. ना एकोणीस, ना एकवीस. मग पुन्हा साठ. अडीच मिनिटांच्या रस्त्याला साडेसात मिनिटं. येताना काही नाही.

तो रस्ता मी चांगला ओळखतो. नाकासमोर सरळ. डांबर नवं, दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. गाव नाही, फाटा नाही, गतिरोधक नाही, चहाची टपरीसुद्धा नाही.

मी शेषरावांना विचारलं, "त्या सरळ रस्त्यावर गाडी इतकी हळू का घेता?"

"कोनत्या?"

मी सांगितलं.

"मी तं साठानंच जातो भाऊ. तुमीच सांगतलं ना."

चेहरा अगदी साफ. पण साफ चेहऱ्याचे ड्रायव्हर मी बारा वर्षं बघितले होते. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. वीसच्या वेगाने चालत्या गाडीत माणूस चढू शकतो. बाजूने मोटारसायकल लावून मागच्या हौद्यातून माल उतरवून घेता येतो. मी दोन आठवडे निघताना आणि पोचल्यावर माल मोजून घेतला. एक नळी कमी नाही. तरी संशय गेला नाही... उलट वाटलं, माणूस हुशार आहे, कळलं असेल त्याला.

मग मी गाडीत कॅमेरा बसवला. त्यांना सांगितलं, अपघात झाला तर पुरावा असावा म्हणून. त्यात आवाजही रेकॉर्ड होतो हे मात्र सांगितलं नाही. याची आजही लाज वाटते.

पहिल्या शुक्रवारचं रेकॉर्डिंग मी दुकानाच्या मागच्या खोलीत, हेडफोन लावून बघितलं. समोर रस्ता, स्वच्छ ऊन. शेषराव कुठलंसं भजन गुणगुणतायत. तो सरळ रस्ता सुरू झाला आणि गुणगुणणं मध्येच तुटलं. इंजिनाचा आवाज खाली आला. रस्ता हळूहळू सरकायला लागला. समोर कोणी नाही, कडेला कोणी नाही. सहा-सात मिनिटं नुसतं इंजिन. मग शेषरावांचा आवाज, शांत, एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसा —

"नाई जी. एकटाच हाव."

थोड्या वेळाने इंजिनाने जोर घेतला आणि भजन पुन्हा सुरू झालं.

मला वाटलं, सापडलं. कॅमेरा समोरचं दाखवतो, डावीकडच्या खिडकीशी कोण आहे ते दाखवत नाही. कोणीतरी त्यांना गाडीत आणखी कोण आहे का विचारतंय, आणि हे सांगतायत, एकटाच आहे. म्हणजे सवारी घेतायत, नाहीतर त्याहून वाईट काही. मंगळवारी पुन्हा तेच. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात.

मी त्यांना बोलावून ते ऐकवलं. शेषराव खुर्चीवर न बसता उभेच राहिले. एकदा ऐकलं, मग म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं.

"आवाज माहाच हाय," ते म्हणाले. "पन हे मी बोललो नाई."

"शेषराव, आवाज तुमचा आहे आणि बोलला नाहीत?"

"नाई बोललो. माह्या पोरीची आन."

"मग कोणाला सांगत होतात एकटाच आहे म्हणून?"

"मले काय मालूम भाऊ?"

मी म्हणालो, "तुम्ही खोटं बोलताय." माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या माणसाला, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना.  शेषरावांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, काउंटरवर ठेवली आणि पायातल्या चपला नीट करून निघून गेले. रात्री जेवताना वडील एवढंच म्हणाले, "शेषा खोटं बोलत नाही." मी म्हटलं, रेकॉर्डिंग खोटं बोलतं का मग? 

नवा ड्रायव्हर लगेच मिळेना. आसेगावचा माल अडकला होता, म्हणून पुढच्या मंगळवारी मीच निघालो. काच वर करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, काटा साठवर. तो सरळ रस्ता आला तेव्हा मी मुद्दाम कडेला बघत होतो, कोणी उभं आहे का. कोणी नव्हतं. एका बांधावर दोन बकऱ्या होत्या, एवढं आठवतं. रस्ता संपला, वळण आलं, आसेगाव आलं. माल उतरवला, परत आलो. सगळं व्यवस्थित. मनात म्हटलंसुद्धा, बघा, साठने जाता येतं की नाही.

संध्याकाळी घरी चहा घेताना ट्रॅकर उघडला.

साठ. वीस. साडेसात मिनिटं. साठ.

मी दोनदा तारीख तपासली. मग कॅमेऱ्याचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. तीच ती फेरी. त्या बकऱ्या दिसल्या, आणि त्यांच्यापुढे गाडी हळू झाली. मी काही बोलत नव्हतो, त्यामुळे फक्त इंजिन, मध्ये एकदा कुठलासा हॉर्न. मी कान देऊन बसलो होतो. आणि मग माझा आवाज आला.

"नाई जी. एकटाच हाव."

मला सांगायचं आहे ते हे की मी असं बोलत नाही. लहानपणी बोलायचो. पुण्यात बारा वर्षांत ते गेलं, परत आल्यावरही आलं नाही. 'नाई जी' हे माझ्या तोंडून गेल्या वीस वर्षांत निघालं नसेल. पण आवाज माझाच होता. बोलण्यापूर्वी मी जो श्वास घेतो, तोसुद्धा त्यात होता.

हेडफोन लावायचे मी विसरलो होतो. स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कोणाशी बोलत होता?"

"कोणाशीच नाही."

"एकटाच आहे असं कोणाला सांगत होता मग?"

"स्मिता, मी हे बोललोच नाही."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला दुकानातले शेषराव दिसले. तिलाही तेच आठवलं असावं, कारण ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनीही हेच सांगितलं होतं ना?" आणि आत गेली.  त्या रात्री मी समजावायला गेलो नाही. काय समजावणार होतो?

दुसऱ्या दिवशी दुकानात मधुकरभाऊ आले. त्यांची गावाबाहेर भाजीची बाग आहे, मोटारसायकलवर कॅरेट बांधून आसपासच्या बाजारांना जातात. ठिबकचे जोड घेता घेता म्हणाले, "काल का झोपेत होते काय? तुमची गाडी बैलबंडीवाणी चालली होती."

"कुठे?"

"आसेगावच्या रस्त्यावर. मी हारन देल्ला, हात केला. तुमी पाह्यलंच नाई. बोलून राह्यले होते कोनाशी."

मी शक्य तितक्या सहज विचारलं, "बाजूला कोणी बसलं होतं का?"

मधुकरभाऊंनी जरा विचार केला. "काच वर होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. नाई दिसलं. पन तुमी तिकडंच पाहून राह्यले होते, डाव्या अंगाले." मग हसले. "काहून, कोन होतं?"

मी म्हटलं, कोणी नाही. ते हसतच गेले. त्यांनाही ते खरं वाटलं नाही, हे दिसत होतं.

रविवारी मी रिठदला गेलो. शेषराव घरापुढे खाटेवर हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. मला बघून उठले, पोरीला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायलो आणि सरळ म्हटलं, "शेषराव, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होतात."

"मले चोर ठरवलं तुमी."

"चोर असं म्हणालो नव्हतो."

"पाह्यलं तसंच ना भाऊ माह्याकडं. नऊ वर्सात शेठजीनं कधी तसं पाह्यलं नाई."

 मी फोन काढला आणि माझं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावला. ऐकून झाल्यावर तो हातातच धरून बसले. मला वाटलं आता ते चार शब्द सुनावतील, मी त्याची तयारी करून आलो होतो.

ते म्हणाले, "तुमाले काही झालं तं नाई ना? ताप-गीप?"

"नाही."

"मलेबी कधी काही झालं नाई." मग म्हणाले, "आपुन दोघं जाऊ. एकानं चालवायचं, एकानं पाहायचं. बोलत जाऊ सारखं. मंग पाहू कसं होते ते."

मंगळवारी सकाळी ते रिठदहून पहिल्या एसटीने आले. दहाला निघालो. ते चालवत होते, मी डावीकडे. माझ्या मांडीवर फोन, त्यावर वेग दिसत होता. ठरवलं होतं की अजिबात गप्प बसायचं नाही. मी त्यांना पुण्याच्या गाड्यांचे किस्से सांगत होतो. ते हसत होते, मध्येच "असं काय" म्हणत होते. सरळ रस्ता सुरू झाला तेव्हा मी त्यांना एका चौकातली गंमत सांगत होतो, की तिथे सिग्नल पिवळा झाला की लोक थांबायच्या ऐवजी वेग वाढवतात, आणि एकदा त्या नादात तिघेजण एकमेकांवर कसे आदळले. बोलता बोलता मी फोनकडे बघत होतो. साठ, एकोणसाठ, साठ. शेषरावांचे हातही बघत होतो. गोष्ट संपली, ते मोठ्याने हसले. वळण आलं.

"झालं की," ते म्हणाले. "काही नाई झालं."

आम्हाला दोघांनाही खूप हलकं वाटलं. आसेगावात शिरण्याआधी बाभळीच्या सावलीत गाडी लावली. मी ट्रॅकर उघडला. नुसता फोन त्यांच्यापुढे धरला.

वीस. साडेसात मिनिटं.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. माझा आवाज — "...सिग्नल पिवळा झाला, की लोक..." — आणि तिथे तुटला. वाक्याच्या मध्यात. इंजिन खाली आलं. आम्ही दोघं गाडीत बसून ती शांतता पूर्ण ऐकली. समोर आसेगावच्या शाळेतली मुलं रस्ता ओलांडत होती. सहा मिनिटं गेली असतील. मग फोनमधून आम्ही बोललो. दोघं. एकदम, एका सुरात, जणू पाठ केलेलं —

"नाई जी. आज दोघं हाव."

इंजिन वाढलं. आणि माझा आवाज पुन्हा सुरू झाला, तुटला होता त्याच्या पुढच्या शब्दापासून — "...थांबायच्या ऐवजी वेग वाढवतात..." शेषराव हसले. मी पुढचं सांगत राहिलो.

मला ते तुटलेलं अजिबात जाणवलं नव्हतं. त्यांनाही नाही. शेषरावांनी माझ्या हातातून फोन घेतला, स्क्रीन बंद केली आणि परत दिला.

"आता इश्वास बसला ना?" त्यांनी विचारलं.

"बसला."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.  त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधानच म्हणेन. त्यांना बाकी कशाचं उत्तर नको होतं.

ते पुन्हा कामाला लागले. मी मात्र उत्तर शोधत राहिलो. ट्रॅकर बसवणाऱ्याने यंत्र तपासलं, बदलूनही बघितलं, दोष नाही. गॅरेजवाल्याने गाडी उघडून बघितली. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं की एकसुरी सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याचं डोकं थोडा वेळ असं बंद पडू शकतं, हात आपोआप चालतात. मी म्हटलं, बाजूला बसलेल्याचंही? त्याच क्षणी, त्याच शब्दांसकट? ते म्हणाले, झोप नीट घेत जा. त्या रस्त्याबद्दल मी जुन्या माणसांना विचारलं. तिथे कधी अपघात झाल्याचं कोणाला आठवत नाही. कुठली गोष्टही सांगत नाहीत. मधुकरभाऊ तिथून रोज जातात, त्यांना काही होत नाही... किंवा होत असेल तर त्यांच्या मोटारसायकलला ट्रॅकर नाही.

शेषराव आता आसेगावला दुसऱ्या, लांबच्या रस्त्याने जातात. मी तसं सांगितलं नाही, त्यांनीच सुरू केलं. डिझेल जास्त लागतं. मी काही म्हणत नाही.

स्मिताला मी सगळं सांगितलंय, दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकवलीत. तिचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. ती म्हणते, मला एकदा त्या रस्त्याने घेऊन चला, मी स्वतः बघते. मी दर वेळी काहीतरी कारण काढतो — गाडी कामात आहे, दुकानात गर्दी आहे. ती ऐकून घेते आणि माझ्याकडे बघत राहते. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही, ते इथेच पहिल्यांदा लिहितोय. त्या रस्त्यावर कोणीतरी आम्हाला विचारतं, किती जण आहात, आणि आम्ही मुकाट्याने खरं सांगतो. कशासाठी विचारतं ते मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत मी तिला तिथे नेणार नाही.